लांबड्या वळणानंतरचे तीन सेकंद

५ मार्च, रविवार

भुंग्या,

गाडी मेली. लांबड्या वळणात नाही. वळण संपलं, स्टिअरिंग सरळ केलं, पाय दाबला आणि मेली. मी मनात मोजलं. एक, दोन, तीन. मग एक हिसका बसला आणि जणू काही झालंच नाही अशी पुन्हा पळायला लागली.

अगदी तू सांगितलं होतंस तशी.

हे माफीचं पत्र नाही. आधीच सांगते, म्हणजे उगाच शेवटपर्यंत वाचत बसणार नाहीस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. पत्ता आईनं दिला. तू तिकडे शाळेची बस चालवतोस आणि ताशी तीसच्या वर जात नाहीस, हेही तिनंच सांगितलं. चहा गार झाला म्हणून उठले.

ठेंगणी मी विकायला काढली होती. चौदा महिने ताडपत्रीखाली उभी होती. दोन माणसांची, कमरेएवढ्या उंचीची गाडी, तुझ्याशिवाय तिच्यात घुसणार कोण? आज गिऱ्हाईक आलं. त्याला ती ट्रॅकवर पळताना बघायची होती आणि तू नाहीस, म्हणून मीच चालवली. मी गाड्या बांधते, चालवत नाही, तुला माहीत आहे. सहा फेऱ्या मारल्या. पेट्रोल नेहमीसारखं दहाच लिटर भरलं होतं, वजन नको म्हणून. पाचव्या फेरीत मेली आणि सहाव्या फेरीत त्याच जागी परत मेली. गिऱ्हाइकाच्या काही लक्षात आलं नाही, "झकास आहे" म्हणाला. मी म्हटलं, गाडी विकायची नाही.

चौकशीत तू "तीन सेकंद" म्हणालास तेव्हा क्लबचा सेक्रेटरी हसला होता. आणखी कोण हसलं होतं ते मी लिहीत नाही.

ताई

१२ मार्च

भुंग्या,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मी एक ठरवलंय. ते तीन सेकंद शोधून काढायचे. क्लबची वार्षिक सभा अठ्ठावीस मेला आहे. जुना निकाल पुन्हा उघडायचा तर याच सभेत, नंतर तो कायमचा बंद. मी नियमांची वही तीनदा वाचली. तेव्हा अकरा आठवडे आहेत, आणि ट्रॅक आपल्यासारख्यांना फक्त रविवारी मिळतो.

काय घडलं ते एकदा क्रमानं लिहून काढलं. शेवटची फेरी. तू पुढे, तुझ्या शेपटीला चिकटून दातांच्या डॉक्टरांची पिवळी गाडी. लांबडं वळण संपतं, तुझी गाडी एकदम सुस्तावते, पिवळी मागून धडकते. डॉक्टरांचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडतं. दात काढणाऱ्या माणसाचं उजवं मनगट! त्यात सकाळीच तुमचं सगळ्यांदेखत भांडण झालेलं. समितीनं लिहिलं: "पुढील चालकाने मुद्दाम वेग सोडला." दोन वर्षं बंदी. बंदी संपेल एक दिवस, पण ते "मुद्दाम" तसंच राहील. गाडीत दोष नाही असा जबाब त्यांनी बांधणाऱ्याकडून लेखी घेतला होता. खाली सही कुणाची आहे ते तुला पाठ असेल.

तेव्हा मी घरी येऊन आईला काय म्हणाले तेही तू जिन्यात ऐकलंस. "नाचता येईना, अंगण वाकडं." तू वर न येता तसाच गेलास.

असो. आज पंपाकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीला दाबाचा गेज जोडला. पेट्रोलची नळी आपल्या बसायच्या जागेत आणायची नाही, म्हणून गेज बाहेर, काचेवर वायपरखाली बांधला, तोंड माझ्याकडे करून. लोक विचारतात, बाई, घड्याळ बाहेर का लावलंय? काटा साडेतीनवर असतो. लांबडं वळण संपलं की खाली लोळण घेतो, तीन सेकंद तिथेच पडून राहतो आणि मग उठतो. म्हणजे इंजिनाला पेट्रोल मिळत नाही. पाय तू उचललाच नव्हतास.

हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला.

ताई

२ एप्रिल

भुंग्या,

"एका वेळी एकच बदल." मीच तुला शिकवलेलं, आणि तू नेहमी चार गोष्टी एकदम बदलून "बघ, चालली!" म्हणून नाचायचास. मी माझ्या रीतीनं चाललेय.

पहिल्या रविवारी पंपाची तार बदलली, जाड घातली. काटा लोळला. दुसऱ्या रविवारी फिल्टर नवा. काटा लोळला. आज अख्खा पंपच नवा बसवला. काटा लोळलाच, उलट नव्या पंपानं पेट्रोल लवकर ओढलं आणि तीनाचे चार सेकंद झाले. आता टाकीला हवा घेण्याची जी बारीक नळी असते ती बुजली असेल. टाकी गुदमरली की पेट्रोल सोडत नाही. पुढच्या रविवारी ते बघते.

मी सुधारतेय बरं का. पहिल्या दिवशी लांबड्या वळणात मी डोळे मिटले होते, हे कुणाला सांगू नकोस. आता उघडे असतात. मान दुखते. तुझे भाऊजी म्हणतात, या वयात हे काय सुचलं? मी म्हटलं, या वयात निदान काही सुचतंय. त्यांनी मला मानेला लावायला मलम आणून दिलं.

तुझी सीट मी माझ्या पायांसाठी पुढे ओढलीय. जुनी जागा जिथे होती तिथे खडूनं खूण केलीय.

ताई

१६ एप्रिल

हवेची नळी स्वच्छ होती. फुंकर मारली तर वाऱ्यासारखी पार गेली. तरी बदलली. काटा लोळला.

सहा रविवार गेले, सभेचा धरून सहा उरले.

आज जेवताना मी आईला सगळं सांगत होते. तार झाली, फिल्टर झाला, पंप झाला, नळी झाली. तिला यातलं काही कळत नाही असं मला वाटत होतं. ती ताट उचलता उचलता म्हणाली, "सगळ्यांची झडती घेतलीस. तुझी कधी घेणार?"

मी म्हटलं, माझी म्हणजे?

"टाकी तूच केलीस ना?"

मी तिला सांगितलं की माझी टाकी मी पुन्हा उघडत नाही. सतरा वर्षं टाक्या करतेय, एकही थेंबभर गळली नाही. ती म्हणाली, "गळत नाही गं. मिळत नाही, असं म्हणतोय ना तो?"

मला राग आला. पत्र इथेच संपवते.

ताई

२० एप्रिल

भुंग्या,

तुझं कार्ड आलं! पोस्टमननं दिलं तेव्हा माझ्या हातात वेल्डिंगचे हातमोजे होते, ते काढायला मला धीर निघेना, दातांनी ओढून काढले. एकच ओळ. ना "प्रिय", ना "ताई", ना खाली नाव.

"किती लिटर होतं?"

पंधरा महिन्यांनी भाऊ बोलतो आणि काय बोलतो तर हे. मी हसले आणि मग रडले, आणि आईनं कार्ड हातातून घेऊन उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "बस्स, एवढंच?" तिला काय सांगू, हे फार आहे.

दहा. दर वेळी दहाच. सगळं बदललं, पण पेट्रोल किती भरायचं ते बदलावं हे काही सुचलं नाही. दहा म्हणजे दहा, हा माझाच नियम ना!

रविवारी बघते.

ताई

२४ एप्रिल, सोमवार

भुंग्या,

काल वीस लिटर भरले. काटा हलला नाही. मग बारा. किंचित थरथरला. मग आठ. पाच सेकंद मेली. मागे कुणी नव्हतं म्हणून बरं. असतं तर आणखी एक मनगट गेलं असतं.

म्हणजे टाकीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, सात रविवार.

आज सकाळी दुकान उघडल्या उघडल्या टाकी रिकामी केली, पंप काढला आणि त्या भोकातून आत हात घातला. टाकीतल्या मधल्या भिंतीवरची एकतर्फी झडप बोटानं हळूच ढकलली.

उघडली.

ती त्या बाजूनं उघडायलाच नको होती. एवढं एका बोटाचं काम होतं, भुंग्या. मी हात आत ठेवून तशीच बसून राहिले. एक गिऱ्हाईक येऊन गेलं, त्याला वाटलं माझा हात अडकलाय.

ताई

३० एप्रिल

भुंग्या,

सभेपुढे ठेवायच्या कागदात मी पुढचं लिहिलंय. वाचून बघ, साध्या माणसाला समजेल ना?

"टाकीच्या मधोमध एक उभी भिंत आहे. पंप भिंतीच्या डाव्या बाजूला. भिंतीत एक झडप आहे, दारासारखी, एकाच बाजूला उघडणारी. तिनं पेट्रोल डावीकडे, पंपाकडे येऊ द्यायचं आणि परत जाऊ द्यायचं नाही. या टाकीत ती उलटी बसली आहे. डावीकडच्या लांब वळणात गाडीतलं सगळं उजवीकडे फेकलं जातं, तसं पेट्रोलही झडपेतून उजवीकडे गेलं. वळण संपताच ते परत येऊ लागलं, तर झडप मिटली. तळाच्या बारीक भोकांतून पुरेसं झिरपून येईपर्यंत पंप हवा ओढत राहिला. म्हणून गाडी वळणात नाही, वळणानंतर मेली. टाकी भरलेली असली की पेट्रोल भिंतीवरून येतं, म्हणून दोष फक्त शेवटच्या फेऱ्यांत दिसला. चालकानं सांगितलेले तीन सेकंद खरे आहेत."

झडप उलटी कशी बसली हेही लिहायला हवं. ते त्या कागदात दोन ओळींत लिहिलंय: टाकी बाकावर पालथी ठेवून काम करतात, पालथी केली की गाडीची डावी बाजू माझ्या उजव्या हाताला येते, कारागिराची गफलत झाली. हे खरं आहे. पण ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं आहे. बाकीचं तुला लिहिते.

तो मंगळवार होता. शर्यत चार दिवसांवर आणि आपली कशावरून तरी हुज्जत चाललेली, बहुतेक तू चाकं बदललीस त्यावरून. टाकी पालथी होती. तू समोर उभा राहून पक्कडीनं भिंत धरली होतीस. तुझा डावा हात पंपाच्या बाजूला होता, म्हणून तुला नीट दिसत होतं. मी झडपेला वेल्डिंगचा पहिला टाका मारणार, तेवढ्यात तू म्हणालास, "ताई, हे उलटं तर नाही ना?"

मी मुखवटासुद्धा वर केला नाही. म्हटलं, "तू चालव. मला शिकवू नकोस." आणि टाका मारला.

हे मला झडप ढकलल्यावर आठवलं असं मी तुला सांगू शकते. पण खरं असं की मला ते पाच मार्चलाच, गाडी पहिल्यांदा मेली तेव्हाच आठवलं होतं. म्हणून मी तार बदलली, फिल्टर बदलला, पंप बदलला. दुसरं काहीतरी निघू दे म्हणून.

आणि चौकशीत. त्यांनी तुला विचारलं, गाडीत दोष होता का? तू माझ्याकडे बघितलंस. बराच वेळ बघितलंस. मग म्हणालास, "ताईला विचारा. गाडी तिनं बांधलीय." मला वाटलं, याच्याकडे उत्तर नाही, म्हणून माझ्या पदराआड लपतोय. मी उभी राहिले आणि म्हणाले, गाडीत काही दोष नाही. त्यांनी कागद पुढे केला, मी सही केली.

तुला बाकावरचं सगळं आठवत होतं. "मी तिला विचारलं होतं" एवढं एक वाक्य तू बोलला असतास तर माझं दुकान बसलं असतं. तू बोलला नाहीस. मुद्दाम शिक्षा घेतलीस. समितीचा शब्द बरोबर होता, फक्त जागा चुकली.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि दोरी मी वळून दिली. माझं चुकलं, भुंग्या. पहिल्या पत्रात जे नाही म्हटलं होतं, तेच हे पत्र आहे.

ताई

२१ मे

टाकी रिकामी करून धुतली, तीन दिवस पाण्यानं भरून ठेवली, मग ठिणगी नको म्हणून हातकरवतीनं वरून खिडकी कापली. झडप फिरवली. खिडकीवर रबर घालून झाकण बोल्टनी आवळलं. दिसायला ठिगळ आहे, पण चाचणीपुरतं चालेल.

गेल्या रविवारी आठ लिटर. काटा साडेतीनवर. आज पाच लिटर, दहा फेऱ्या. लांबड्या वळणातून बाहेर पडताना मी डोळे रस्त्यावर ठेवायचे की काट्यावर या गोंधळात होते, आणि सांगते तुला, मी त्या वळणात पाय उचलला नाही. एकदाही नाही. काटा जागचा हलला नाही. मी एकटीच गाडीत ओरडत होते.

दुकानाचं म्हणशील तर माझ्या टाक्या बसवलेल्या आणखी सात गाड्या आहेत. सगळ्यांना मी स्वतः फोन केले, काय झालंय ते सांगितलं आणि बोलावून घेतलं. एक जण म्हणाला, "ताई, तुम्ही सांगितलं नसतंत तर कुणाला कळलं असतं?" मी म्हटलं, तुम्हालाच कळलं असतं, वळणानंतर. सातही टाक्यांत बोट घालून बघितलं. सातही बरोबर. तुझीच तेवढी चुकली होती, कारण तेव्हा मी हातापेक्षा तोंड जास्त चालवत होते.

ताई

२८ मे

भुंग्या,

सभा झाली. मी उभी राहून कागद वाचला. बाकावरचा प्रसंगही वाचला, सगळा. तुझं वाक्य आणि माझं वाक्य, दोन्ही.

सेक्रेटरी म्हणाला, "बाई, तुम्ही लिहून दिलेलं तुम्हीच खोडताय."

मी म्हटलं, "सही माझी होती. खोडायला दुसरं कोण येणार?"

मग दातांचे डॉक्टर उठले. मला वाटलं, आता काय बोलतील ते ऐकून घ्यायचं. त्यांनी मनगट वर केलं, ते अजून पुरतं वळत नाही. म्हणाले, "चौदा महिने... नाही, आता सोळा झाले. सोळा महिने मी त्या पोराला शिव्या घालतोय. आता कुणाला घालू?"

"मला घाला," मी म्हटलं.

"तुम्हाला कशा घालू? माझी टाकी तुम्हीच केलीय. आणि तुम्ही परवा तिच्यात बोट घालून गेलात." लोक हसले. ते नाही हसले. बसता बसता म्हणाले, "त्याला सांगा, माझ्याकडून शब्द गेला होता त्या सकाळी. पहिला शब्द माझा होता."

"मुद्दाम" खोडलं, भुंग्या. तांबड्या शाईनं, माझ्यादेखत, आणि बाजूला सेक्रेटरीची सही. बंदी उठली. मला त्यांनी सांगितलंय की वर्षभर मी बांधलेली गाडी ठीक आहे असं मी लिहून द्यायचं नाही, दुसऱ्यानं तपासायची. मी लगेच हो म्हटलं.

कागदाची नक्कल सोबत जोडली आहे. शाळेच्या बसमध्ये वाचू नकोस, मुलं विचारतील काका का रडताय. तू रडणार नाहीस म्हणा. तुझ्यातलं ते सगळं माझ्या वाट्याला आलंय.

ताई

६ जून

भुंग्या,

ठिगळाच्या टाकीवर मी तुला शर्यतीला सोडणार नाही. तू पुन्हा चालवशील की नाही ते मी विचारत नाही, तो तुझा प्रश्न आहे. पण टाकी मला नवी करायचीच आहे, आणि करायला घेतलीय.

पत्रा कापून झाला. भिंत उभी राहिली. झडप अजून नुसती चिमट्यानं अडकवून ठेवलीय, तिला टाका मारलेला नाही. टाकी बाकावर पालथी आहे. मी रोज तिच्यासमोर उभी राहते, डावं-उजवं तीनदा म्हणते, बोटानं ढकलून बघते. बरोबर आहे. मला खात्री आहे. पण खात्री मला तेव्हाही होती.

क्लबनं सांगितलंच आहे की दुसऱ्यानं तपासायला हवं. आईनं मला परवा विचारलं, कुणाला बोलावणार आहेस? आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ती तुझ्या खोलीतली गादी उन्हात टाकायला घेऊन गेली.

अकरा तारखेला रविवार आहे. त्या दिवशी मी ट्रॅकवर जाणार नाही, सकाळी दहा वाजल्यापासून दुकानातच असेन. पक्कड तुझ्या बाजूला ठेवलीय. तू समोर उभा राहा, भिंत धर, आणि तेव्हा विचारलं होतंस तेच विचार.

या वेळी मी मुखवटा वर करेन.

ताई